स्वस्ताईचं आमिष

शेजारच्या खोलीतला शिंपी दुसऱ्या राज्यातून एकटाच आलाय. बायकोने इकडे राहायला यावं म्हणून रोज फोनवर तिला स्वस्ताईच्या थापा मारतो. आमची भिंत पातळ, त्याचा फोन मोठ्या आवाजाचा.

"अगं, भाडं तिकडच्या निम्मं! टोमॅटो तर फुकट वाटतात!"

बाजार मीही करते. पण म्हटलं, एकटा जीव आहे, बोलू दे.

काल बायको म्हणाली, "एवढी स्वस्ताई आहे ना? मग दरमहा थोडे जास्त पाठवा. माझ्या येण्याचं पुढे बघू."

"बरं," तो म्हणाला. खरा भाव सांगायला तोंड कुठे उरलं होतं?

मी भिंतीवर थाप मारली. "जेवलास का रे?"

"हो आजी, पोटभर."

भांडं वाजल्याचं काही मला ऐकू आलं नव्हतं.