नबीलनं हातानं लिहिलेली ओळ

नबील चहा बशीत ओतून प्यायचा. सर्व्हरला हात लावण्याआधी चप्पल काढायचा. करायची कामं विसरू नयेत म्हणून स्वतःलाच मेल करून ठेवायचा.

सोमवारी पहाटे तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

बुधवारी गुलाम रसूल चाचांचा फोन आला. ते नांदेडहून मक्केला उमरा यात्रेला माणसं पाठवतात. त्यांच्या ऑफिसचा सर्व्हर नबील सांभाळायचा.

"हनुमंता, रविवारपासून एक मेल न्हाई बेटा. अठरा जनांचे व्हिसा त्यातच येनार. शुक्रवारी विमान हाय. तू त्याच्यासंगं बसायचास ना?"

बसायचो. मी कविता लिहितो. "कवितेला सर्व्हर लागत न्हाई, पन पोटाला लागंल," असं म्हणत त्यानं मला थोडं शिकवलं होतं.

मी ऑफिसात गेलो आणि मेल कंपनीच्या मशीनचं नाव टाकून सर्व्हर त्याचा कोणता नंबर देतो ते पाहिलं. प्रत्येक वेळी एकच नंबर यायचा आणि त्या नंबरवर कुणीच उत्तर देत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सर्व्हरला ते नाव सापडेना, तेव्हा नबीलनं तो नंबर सर्व्हरच्या यादीत नावापुढं हातानं लिहिला होता. आता मेल कंपनीनं नंबर बदलला होता. मी ती ओळ काढली, तसा सर्व्हर नवा नंबर स्वतःच विचारून घेऊ लागला.

मेल उतरू लागले. अठराही व्हिसा आले. चाचा एकेक व्हिसा छापायला बसले.

अडकलेल्यांत सगळ्यात पहिला मेल नबीलचा होता. रविवारी संध्याकाळी त्यानं घरून स्वतःच्याच ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेला.

"नंबर बदलला. उद्या सकाळी गेल्या गेल्या ती ओळ काढणे."