बाईसाहेब काही केल्या हरवत नाहीत

एका बाईला घराबाहेर काढण्यासाठी ज्याने अर्धं आयुष्य खर्ची घातलं, असा इतका सभ्य आणि इतका निरुपद्रवी माणूस या मुंबईत दुसरा नसेल. हे माझ्या धाकट्या मावशीचे दीर. मावशी त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून मी भाऊजी म्हणू लागलो, मग शेजारपाजार, मग वाणी, मग केस कापणारा, आणि पुढे पुढे तर लालबागच्या त्या अख्ख्या चाळीचे ते भाऊजी झाले. त्यांच्या सख्ख्या भावाने, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, एकदा घाईत त्यांना "अहो भाऊजी" अशी हाक मारलेली मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. भाऊजींनी ओ दिली होती. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं रे. दुकानात एवढी गिऱ्हाइकं असायची, वेळ कुठं होता?" गिरणीच्या घडी खात्यात ते लागले, गिरणी बंद पडल्यावर दादरच्या एका साड्यांच्या दुकानात विक्रेते म्हणून गादीवर बसले, आणि निवृत्त होईपर्यंत लोकांच्या लेकीसुनांना शालू दाखवत राहिले. पण हे सगळं पोटापाण्यापुरतं. भाऊजींचा खरा संसार होता तो इंदुमतीबाईसाहेबांशी, आणि त्या राहायच्या भाऊजींच्या कादंबरीत.

कादंबरी ऐतिहासिक होती आणि रहस्यमयही होती. काळ इंग्रजांचा, स्थळ वाळकेश्वरचा बंगला. इंदुमतीबाईसाहेब म्हणजे त्या काळच्या मुंबईतलं बडं प्रस्थ. गव्हर्नरच्या मेजवानीत त्यांची खुर्ची ठरलेली, गिरगावातल्या प्रत्येक सभेला त्यांचं अध्यक्षपद ठरलेलं. अशा या बाईसाहेब एके दिवशी अचानक नाहीशा होतात. कशा, कुठे, कुणाला काही कळत नाही, आणि मग एक हुशार फौजदार त्यांचा शोध घेऊ लागतो. गोष्ट अशी फक्कड होती. लिहायची ती साडीच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्यांवर, कारण दुकानात पुठ्ठ्यांना तोटा नव्हता. एका पुठ्ठ्यावर एक पान, आणि एका साडीच्या खोक्यात एक प्रकरण. मावशीच्या घरी पलंगाखाली, कपाटावर, देव्हाऱ्यामागे सगळीकडे बाईसाहेब भरलेल्या असत. एकदा मावशी शेजारच्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून चुकून सातवं प्रकरण देऊन आली होती. या बाईसाहेब खऱ्याखुऱ्या कुणी होत्या का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा भाऊजी दुखावलेच. म्हणाले, "खरी असती तर लिहीत कशाला बसलो असतो? जाऊन भेटलो नसतो?"

आता भाऊजींनी बंगला बाहेरून पाहिला होता, पण आतून पाहिली होती ती चाळ. त्यामुळे बाईसाहेबांच्या बंगल्याला खोल्या भरपूर असल्या तरी माणसं सगळी एकाच खोलीत बसायची. बाईसाहेब पहाटे उठून पाणी भरायच्या. शेजारच्या बंगल्यातल्या शेठाणी वाटीभर साखर मागायला यायच्या आणि जाताना आमटीची चव घेऊन "मीठ कमी पडलं हो" सांगायच्या. गव्हर्नरची मड्डम न सांगता येऊन दारात चप्पल काढायची. मी म्हटलं, "भाऊजी, वाळकेश्वरला कोण पाण्याला उठतंय?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पाणी सगळ्यांनाच लागतं." उन्हाळ्यात चाळीखालच्या गल्लीत मिरच्या कुटायची यंत्रं सुरू झाली, की त्या दिवसांत लिहिलेल्या प्रकरणांत बाईसाहेबांपासून गव्हर्नरपर्यंत सगळे शिंकायचे. साड्यांची वर्णनं मात्र अशी असायची, की चाळीत ऐकायला बसलेल्या बाया तांदूळ निवडता निवडता थांबत. बाईसाहेब नुसत्या जिन्यापर्यंत जायच्या, तर तेवढ्यात पदर, काठ, बुट्टी आणि सुताचा पीळ यांत एक खोकं संपायचं.

पण घोडं पेंड खायचं ते पुढेच. बाईसाहेब काही केल्या हरवत नसत. दर रविवारी दुपारी भाऊजी चाळीच्या गॅलरीत बसून नवं प्रकरण वाचायचे, आणि चाळ ऐकायची. बाईसाहेब मागच्या जिन्याने निघाल्या, की समोरच्या खोलीतल्या मालवणी आजी विचारायच्या, "येवढी मोठी बाई, येकटी खंय चल्ली? घरात कोणाक सांगूक नको?" भाऊजी क्षणभर विचार करायचे. आजींचं म्हणणं त्यांना पटायचं. पुढच्या रविवारी बाईसाहेबांना जिन्यात भाजीवाली भेटायची, ती "कुठं निघालात?" म्हणायची, आणि बाईसाहेब मुकाट्याने दोन जुड्या मेथी घेऊन परत यायच्या. मग भाऊजींनी त्यांना व्हिक्टोरियात बसवलं, तर गाडीवाला निघाला नेमका माळ्याचा मेहुणा. शेवटी त्यांनी त्यांना गिरगावच्या विसर्जनाच्या गर्दीत सोडायचं ठरवलं, तेव्हा चाळीच्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी गॅलरीत उभाच राहिला. "भाऊजी, गणपतीत बाई हरवली असं लिवलंत, तर आमी कार्यकर्ते काय झक मारत होतो काय? नाय चालणार." भाऊजींना तेही पटलं. कार्यकर्त्यांनी बाईसाहेबांना सुखरूप बंगल्यावर पोचवलं. प्रत्येक वेळी बाईसाहेब परत आल्या, की गॅलरीतल्या बाया समाधानाने सुस्कारा सोडायच्या आणि रहस्यकथेचं पुन्हा मातेरं व्हायचं. तिकडे फौजदार बिचारा तिसऱ्या प्रकरणापासून टोपी घालून तयार बसला होता.

माणूस हरवतो तरी कसा, हे बघायला भाऊजी एकदा स्वतः हरवायला निघाले. एका सकाळी कापडी पिशवीत धोतर आणि टॉवेल घातला आणि कुणाला न सांगता खोलीबाहेर पडले. पहिल्या वळणावरच कुणीतरी विचारलं, "काय भाऊजी, सकाळी सकाळी?" दुसऱ्याने विजेचं बिल हातात दिलं. तिसरीने रक्तदाबाच्या गोळ्या आणायला सांगितल्या. गेटपाशी एक चिमुरडी त्यांचं बोट धरून "मी पण" म्हणून हटून बसली. तासाभरात भाऊजी बिल भरून, गोळ्या, कोथिंबीर आणि ती चिमुरडी घेऊन घरी परत. मला म्हणाले, "अशक्य आहे रे. माणूस मरू शकतो, पण हरवू शकत नाही." हे बोलताना ते वैतागलेले होते, पण तोंडावर जे समाधान होतं ते त्यांना लपवता आलं नव्हतं.

मग चाळ पाडायचं ठरलं. सगळ्यांना नव्या टॉवरमध्ये जागा मिळणार होत्या, आणि मिळाल्याही. पण मिळेपर्यंतच्या वर्षांत माणसं पांगली. कुणी आपली जागा विकून विरारला गेलं, कुणी डोंबिवलीला. मालवणी आजी लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मावशी आणि तिचे यजमान कणकवलीजवळ गावी जाऊन राहिले. "भाऊजी, चला आमच्याबरोबर. तिथं मोकळं अंगण आहे, बसा लिहीत," असं मावशीने परोपरीने विनवलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बाई हरवायच्या आहेत गिरगावात. मी कणकवलीत बसून काय करू?" मावशीने डोळे पुसले आणि आम्ही हसलो. कादंबरीसाठी माणूस इतका हट्ट धरतो, याची आम्हाला गंमत वाटली होती. भाऊजी एकटे बाविसाव्या मजल्यावर राहायला गेले. बरोबर साड्यांची खोकी होती.

मी परळला राहतो, म्हणजे तसा जवळच. रविवारी जमेल तसा जायचो. गॅलरी नव्हती, तेव्हा वाचन व्हायचं ते बंद दाराआड, पंख्याखाली, आणि श्रोता मी एकटा. मी कधी पेंगायचो, कधी मोबाइल बघायचो. मध्ये कुणी काही विचारत नसे. तरी भाऊजी सवयीने वाचता वाचता थांबायचे आणि दाराकडे बघायचे. त्या मजल्यावर आणखी चार घरं होती. त्यांची नावं भाऊजींना पाटीवरून माहीत होती.

अशात एका बुधवारी त्यांचा फोन आला. आवाज तरण्या पोरासारखा. "जमलं रे! बाई हरवल्या! आत्ताच्या आत्ता ये." संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी तसाच गेलो. भाऊजींनी दार उघडलं ते हसतच. मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः येरझारा घालत सांगू लागले. त्यांनी म्हणे पुन्हा तोच प्रयोग केला होता. तशीच पिशवी भरली आणि भर दुपारी निघाले. लिफ्टमध्ये दोघं होते, ते मोबाइलमध्ये. खाली पहारेकरी होता, पण तो आत येणाऱ्यांची नावं लिहितो, बाहेर जाणाऱ्यांची नाही. भाऊजी चालत चालत थेट गिरगावला गेले, चौपाटीवर बसले, ठाकुरद्वारच्या एका लॉजमध्ये दोन रात्री राहिले आणि आज सकाळी परत आले. "आणि काय सांगू तुला, कुणालाच पत्ता नाही! इमारतीच्या ग्रुपवर बघ, हे बघ." त्यांनी चष्मा चढवून मला मोठ्याने वाचून दाखवलं, "'बावीसपे किसीका दूध बाहेर पडून आहे, स्मेल येतोय, प्लीज उचला.' बस, एवढंच! दुधाचा वास आला म्हणून, नाहीतर तेही नाही." मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "किती वर्षं मी डोकं फोडतोय, आणि हे इतकं सोपं होतं रे!"

दोन रात्री हा म्हातारा माणूस घरात नव्हता, आणि ते मलाही ठाऊक नव्हतं. मला त्यांचा राग आला, इमारतीचा आला, स्वतःचाही आला. पण भाऊजींना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांच्यातला लेखक जिंकला होता, आणि त्यांनी शेवटचं खोकं उघडलं. आत फक्त दोन पुठ्ठे होते. बाईसाहेब एका साध्या मंगळवारी, दुपारी, फिकट रंगाची साडी नेसतात. कुठली साडी, काठ कसला, काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या जिना उतरतात. माळी पाठमोरा असतो. फाटक उघडंच असतं. रस्त्यावर माणसं असतात आणि ती आपापल्या कामाला चाललेली असतात. बाईसाहेब कोपऱ्यापर्यंत जातात, तिथे जरा थांबतात, मागे वळून बघतात आणि पुढे जातात. संपलं.

"आणि फौजदार?" मी विचारलं.

"त्याला काढला. आधी कुणाच्या लक्षात तरी यायला पाहिजे ना, तर तो येणार." मग खोक्याचं झाकण लावत त्यांनी विचारलं, "कसं उतरलंय?"

ते उत्तम उतरलं होतं. इतक्या वर्षांत भाऊजींनी लिहिलेलं हे पहिलं प्रकरण, ज्यात मला पेंग आली नाही, हसू आलं नाही आणि एक शब्दही खोटा वाटला नाही. ते वाईट उतरलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं. मी म्हटलं, "छान झालंय, भाऊजी." त्यांनी मान डोलावली आणि गॅसवर चहा ठेवला. मग माझ्याकडे पाठ करूनच, साखरेचा डबा शोधत ते म्हणाले, "कादंबरी तर संपली. आता तू कशाला येशील?"

मी म्हटलं, "असं काय बोलता? येईन की." हे मी जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. भाऊजी म्हणाले, "हो, हो, ये ना. सवडीने ये." त्या "सवडीने"मध्ये त्यांनी मला अगदी मोकळं करून टाकलं होतं. मला ती मोकळीक नको होती. चहा झाला. निघताना ते दारापर्यंत आले, लिफ्टचं बटण त्यांनीच दाबलं. "खाली गेलास की वर बघ," ते म्हणाले, "मी खिडकीतून हात करतो."

खाली येऊन मी गेटबाहेर उभा राहिलो आणि मान मागे टाकून वर पाहिलं. दिवे लागायला सुरुवात झाली होती. मजले मोजायला लागलो, मध्येच चुकलो, पुन्हा मोजले, आणि सगळ्या खिडक्या इतक्या सारख्या, की भाऊजींची कुठली ते मला ओळखता येईना. कुठेतरी वर ते हात करत उभे असणार, एवढं मात्र नक्की. शेवटी मी हात वर केला आणि त्या सगळ्या इमारतीलाच हलवून दाखवला. पहारेकरी माझ्याकडे बघत राहिला. भाऊजींनी आधी थांबावं, म्हणून मी बराच वेळ हात हलवत होतो.