मुलुंडच्या मावशीच्या तलवारी

मावशी माणसाच्या आधी त्याच्या हातातली तलवार बघायची. मग तो चौकातला पुतळा असो, कॅलेंडरवरची देवी असो, की भाड्याच्या घोडीवर बसलेला नवरदेव. मुलुंडच्या एका वरातीत ती सरळ घोडीजवळ गेली आणि म्हणाली, "अहो, दुधी चिरायला निघाल्यासारखी काय धरलीय? मनगट जरा मोकळं सोडा." आम्ही लाजेनं अर्धमेले झालो. नवरदेवानं मात्र मुकाट्यानं मनगट सोडलं, आणि खरं सांगते, बरा दिसायला लागला मेला.

मावशी माझी नव्हे, मंदारची. मंदार आणि मी अंधेरीला एकाच ऑफिसात, कॉम्प्युटरवर मॉडेलं बनवायच्या कामाला. पण तिला सगळेच मावशी म्हणायचे. मूळची मालवणकडची, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहायची. मंदारला टेबलावर लढाया खेळायचा नाद. दोन पेरांएवढे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजून सैन्य पुढे सरकवायचं. त्याच्या घरी जागा नाही, म्हणून सगळा पसारा मावशीकडे. एकदा तिनं त्यातला एक परदेशी शिपाई उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "मेल्या, ही तलवार की धोपाटणं?"

झालं! या बाहुल्यांच्या तलवारी मुद्दामच जाड करतात. बारीक केल्या तर मोडतात आणि लांबून दिसतही नाहीत. मावशीला हे कारण कधीच पटलं नाही. ती कानशीनं घासून घासून त्यांची पाती करायची. पुढे तिच्याच हट्टानं आम्ही मराठी घोडदळ बनवायला घेतलं. ती कागदावर काढायची, मी कॉम्प्युटरवर घडवायचे, मंदारच्या थ्री-डी प्रिंटरवर ते छापून निघायचं. "तलवार हाताला चिकटवल्यासारखी नको गो बाय. खांद्यापासून रेघ निघते ना, ती टोकापर्यंत जायला हवी." एकेका वळणासाठी तिनं माझे रविवारच्या रविवार खाल्ले. मी तशी तोंडाळ. वैतागून म्हणायचे, "मावशी, तांदळाच्या दाण्याएवढं आहे ते. कोण बघणार?"

"मी बघणार ना." विषय संपला.

त्या तलवारी मोडायच्याच. पेटीतून काढताना मोडायच्या, कुणाचा शर्ट लागला तरी मोडायच्या. मंदार कळवळायचा. मावशी शांतपणे नवीन चिकटवायला घ्यायची. "मोडूदे. मोडेपर्यंत तरी तलवार दिसली ना?"

रंगवताना आमच्या हातात चंदेरी बाटली दिसली की तिचं डोकं फिरायचं. अख्खी तलवार चमकवायची नाही, तो काय स्टीलचा डाव आहे? पातं काळपट राखाडी ठेवायचं आणि धारेवर फक्त एक पांढरी रेघ ओढायची, केसाएवढी. वाकड्या तलवारीची धार बाहेरच्या बाजूला असते, आतली बाजू बोथट, ती पाठ. एकदा मी रेघ पाठीवर मारली. "बिचाऱ्याला बोथट बाजूनं लढायला पाठवतेस होय?" म्हणून तिनं माझ्याकडून अख्खा स्वार पुन्हा रंगवून घेतला. इतक्या बारकाईनं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आणि मग एका रविवारी ती नवी तुकडी ट्रेमध्ये घेऊन आली. घोडे सुरेख, मुंडासी सुरेख. आणि प्रत्येक तलवारीची पांढरी रेघ पाठीवर.

मी मंदारकडे पाहिलं. कौतुकाची वाट बघत हसत उभी असलेली मावशी हळूहळू गंभीर झाली.

"गप्प का रे झालात? उलट्या बाजूला मारली?"

"हो, मावशी," मंदार म्हणाला.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. कडेकडेचं दिसेल, पण रोखून बघायला जाल ते दिसणार नाही. इंजेक्शनं झाली, फार उपयोग झाला नाही. "ज्याच्याकडे बघते ना, नेमकं तेच पुसलं जातं गो," ती म्हणाली. परतताना रिक्षात मी रडले. तीच माझी पाठ थोपटत बसली.

ब्रश तिनं मला देऊन टाकले. ते तिनं सहन केलं. पण मंदारशी खेळायची तो लढायांचा खेळही सुटायला लागला तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं, कारण रविवारच्या त्या टेबलाशिवाय तिला दुसरं काही उरलं नव्हतं. आपले स्वार कुठले, मंदारचे कुठले, तिला ओळखू येईना. चाचपायला हात पुढे केला की ती बारीक पाती तिच्याच बोटांखाली कटकन मोडायची. तिसरं मोडलं तशी ती उठली. "माझ्या हातानंच मोडायला लागल्या रे," म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुढचे कितीतरी रविवार ती टेबलाकडे फिरकली नाही. चहा आणून द्यायची आणि आत जायची.

मग एका दुपारी मला ऑफिसात तिचा फोन आला.

"माझ्या घोडदळाची फाइल आहे ना गो तुझ्याकडे? तलवारी जाड कर."

"काय?"

"जाड कर. बोटाला लागल्या पाहिजेत. माझ्या स्वारांना सरळ दे, मंदारच्यांना वाकड्या. कोण कुठे तोंड करून उभा आहे ते मला हातानं कळलं पाहिजे."

"किती जाड करू, मावशी?"

"ते तू बघ. मला नको विचारू."

ज्या वळणांसाठी मी तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या, तीच मी त्या संध्याकाळी एकेक करून फुगवली. पाप करतेय असं वाटत होतं. दोनदा फाइल बंद केली, दोनदा उघडली.

त्यानंतर मावशी जाईपर्यंत, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत, तिनं एकही रविवार चुकवला नाही. पण मला आठवतो तो पहिला. ती खुर्ची पुढे ओढून बसली. घोड्याच्या कानावरून बोट स्वाराच्या खांद्यावर नेलं, खांद्यावरून मनगटावर, आणि मग त्या जाडजूड पात्यावरून सावकाश टोकापर्यंत. मोडेल म्हणून मी श्वास रोखला होता. मोडलं नाही.

"दिसायला वाईट आहेत ना गो?"

"भयंकर आहेत, मावशी."

"असूदेत," ती म्हणाली आणि आपला स्वार नेमका मंदारच्या सैन्यासमोर नेऊन ठेवला. "टाक रे फासे."