जहाज अजून लागलं नाही

आमचे शेजारी निवृत्त इतिहास-शिक्षक. लंडनचं सरकार आणि इथला गव्हर्नर यांची भांडणं ते ओटीवर सुपारी कातरत रंगवून सांगतात. "लंडनचा हुकूम पटला नाय की गव्हर्नर म्हणायचा, तो आणणारं जहाज अजून लागलंच नाय!" आणि स्वतःच खो खो हसतात.

यंदा शिमग्यात पालखीचं बघणाऱ्या गुरुजींना गावच्या मुंबई मंडळाचा फोन आला, "देवीची पालखी ठरल्या दिवशी नको, रविवारी काढा. चाकरमान्यांना सुट्टी नाही."

मला वाटलं, ते आता जहाजाची थाप मारणार. पण त्यांनी फोन स्पीकरवर टाकून देवळापुढच्या गर्दीसमोर धरला.

"लंडन बोललं, गव्हर्नर बोलला. रयतेला कोणीच विचारलंन नाय. आता विचारा!"

'ठरल्या दिवशीच!' असा ओरडा झाला आणि ढोल असा घुमला, की मुंबईचं 'हॅलो, हॅलो' त्यात बुडून गेलं.