तुमचं घर कुठं बुडालं?

रिटायर झाल्यापासून पुसदला असते. संध्याकाळी आम्ही तीन-चार जणी टाकीजवळच्या बाकावर बसतो. बाकीच्या सुनांबद्दल बोलतात, मी तळ्याबद्दल. "तुझ्याजवळ सांगायला दुसरं काही नाही का गं?" असं एकीने मागे विचारलं. खरंच नाही. सतरा वर्षं मी एका तळ्याकाठच्या उपकेंद्रात नर्स होते. तिथले किस्से गोळा करायला मी कधी गेले नाही. लोक बीपी मोजून घ्यायला यायचे आणि जाताना एकेक ठेवून जायचे.

गावाचं नाव कागदावर आहे, पण एसटीचा कंडक्टरसुद्धा "पुनर्वसनवाले, उतरा" असंच म्हणायचा. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. लोकांनी बैलगाड्यांवर दारं, खांब, कवेलू लादले आणि वर टेकाडावर नव्याने मांडले. मी गेले तेव्हा या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली होती. तरी ते काल-परवा घडल्यासारखंच बोलायचे.

आणि माझं म्हणाल तर मला गावच नाही. वडील तहसीलमध्ये नोकरीला, दर तीन वर्षांनी बदली. लग्न केलं तर नवराही तसलाच मिळाला, फिरतीचा. "तुमचं गाव कोणतं?" असं कोणी विचारलं की मी गडबडायची. कुठेतरी एकदा आपलं म्हणून राहावं, एवढीच इच्छा होती. ती मी कोणाला बोलून दाखवत नव्हते.

* * *

पहिल्याच दिवशी गणपतराव आले. साठीचे, खोकला घेऊन. गोळ्या खिशात टाकल्या आणि उठता उठता सहज विचारलं, "सिस्टर, तुमचं घर कुठं बुडालं?"

मी म्हटलं, "माझं? कुठंच नाही बुडालं."

ते थांबले. माझ्याकडे असे बघायला लागले की जणू पेशंट मीच. मग तसेच घराकडे वळले. अर्ध्या तासात त्यांची बायको, कौसाबाई, गरम चहा आणि झिंग्यांची चटणी घेऊन दारात हजर. मला वाटलं, नव्या नर्सचं स्वागत असेल. बाहेर बसलेल्या बाईला त्या हळूच सांगत होत्या, "बिचारीचं काहीच बुडालं नाही व."

तेव्हा हसू आलं. हळूहळू कळलं की या गावात माणसाची ओळख वरच्या घरावरून नाही, खालच्या घरावरून देतात. कोण कोणाच्या शेजारी, कोणाच्या अंगणात कडुनिंब, हे सगळं पाण्याखालचं. ज्याचं खाली काही नाही तो पाहुणा.

* * *

सर्व्हेला निघाले होते. मासे धरणाऱ्या शामरावचं घर आलं. ते नव्हते, बायको होती.

"शिक्षण किती यांचं?"

"रोज शाळेवर जातात."

"या वयात?"

"तीस वर्ष झाले जाऊन राह्यले. पावसाळ्यात तर दोन-दोन डाव जातात."

प्रौढ शिक्षणाचं एवढं वेड! मी कौतुकाने 'साक्षर' लिहिलं. दुसऱ्या दिवशी शामराव सहीसाठी आले आणि शाईचं पॅड मागितलं. मी चक्रावले. "अहो, तुम्ही तर रोज शाळेत जाता ना?"

शामराव अंगठा पुसत म्हणाले, "सिस्टर, शाळा गावात होती तवा मी एक दिवस गेलो नाही. पाण्यात गेली तवापासून एक दिवस चुकवला नाही."

शाळा बुडाली त्या जागी मरळ चांगली लागते. चावडीवर रोहू, मारुतीपाशी कटला. काठावर उभं राहिलं की दोन डोंग्यांमधलं, म्हणजे छोट्या होड्यांमधलं, बोलणं ऐकू यायचं, "तू चावडीवर टाक, मी जाधवायच्या अंगणात पायतो." सगळा गाव असा पाण्यावर नांदत होता.

* * *

एका उन्हाळ्यात तळं फार आटलं. गाळात जुन्या भिंतींच्या रेघा दिसायला लागल्या. उतरत्या पाण्यामागे डांगरं लावणारे लोक आधी गेले, मग सगळा गाव गेला. मीही गेले. कौसाबाई हातात खराटा घेऊन एका चौकोनात उभ्या होत्या. चार बोटं उंच भिंत, मध्ये सुकलेला चिखल, आणि पुढे दगडाचा उंबरठा.

हे कौसाबाईंचं घर. दार त्यांनी वर नेलं होतं, ते आजही त्यांच्या नव्या घराला आहे. उंबरठा तेवढा निघाला नाही.

"या न सिस्टर, घरात या."

मी कौतुकाने भिंतीवरून पाय टाकला.

"दारातून या व," कौसाबाई म्हणाल्या. "आन् चपला बाहेर काढा. आत्ताच झाडलं."

मी मागे फिरले, चपला काढल्या, उंबरठ्यातून आत गेले. त्यांनी थर्मासमधून चहा दिला. चहूकडे लोक आपापल्या घरांत बसले होते. एकमेकांना हाका मारत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा हेवा वाटला, आणि घरी येऊन त्याची लाजही वाटली.

* * *

मग सुनीताचं बाळंतपण. सुनीता म्हणजे कौसाबाईंची नात, तळ्याच्या पलीकडे दिलेली. रस्त्याने यायचं तर सगळ्या तळ्याला वळसा, म्हणून शामराव तिला डोंग्यातून माहेरी आणणार होते. तारखेला दहा दिवस होते. सकाळी शामरावांचा फोन आला, "सिस्टर, पोरीले कळा सुटल्या. मारुतीपाशी या, लवकर!"

मी बॅग घेऊन धावत मारुतीच्या देवळात. देवळात पुजारी आणि दोन शेळ्या. पुन्हा फोन केला. "मी मारुतीपाशीच आहे, तुम्ही कुठं?"

"मी बी मारुतीपाशीच हावो. वल्हं मोडलं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते जुन्या मारुतीपाशी होते. तळ्याच्या मधोमध.

मला पोहता येत नाही. इतक्या वर्षांत मी कधी डोंग्यात पाय ठेवला नव्हता. गणपतरावांनी त्यांचा डोंगा काढला आणि हात पुढे केला. मी बसले, डोळे मिटून घेतले. ते वल्हं मारता मारता म्हणाले, "घाबरता कायले? खाली आपलंच गाव हाय."

दोन डोंगे दोरीने बांधले. मी सुनीताजवळ गेले. तिने माझं मनगट धरलं, मी ते सोडवून हातमोजे चढवले. पोरगी झाली. रडली तशी शामरावांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला. नाळ बांधायची क्लिप काढताना बॅगेतून काहीतरी निसटलं आणि डुबुक् झालं.

"काय पडलं?" गणपतरावांनी विचारलं.

"माझ्या घराची किल्ली."

"हं," म्हणाले. पणजोबा झाल्याचा आनंद असेल असं मला वाटलं, कारण काठ येईपर्यंत ते एकटेच हसत होते.

काठावर कौसाबाईंनी पोरीला कुशीत घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "गाव बुडाल्यापासून जुन्या गावात जन्मलेली ही पयली." फॉर्मवर जन्मस्थळ म्हणून मी काय लिहिलं, ते मात्र विचारू नका. क्वार्टरचं कुलूप शामरावांनी दगडाने फोडून दिलं.

* * *

पुढच्याच आठवड्यात काठावर कपडे वाळत घालत होते. किल्ली पडली होती त्या बाजूने शामरावांची त्यांच्या भावाला हाक आली, "अबे, तिथं काहून? सिस्टरच्या घरावर टाक!"

मी कपडे तसेच ठेवून आत गेले आणि पोटभर रडले. त्या लोकांचं माझ्यावर केवढं ऋण आहे, हे मला कोणालाच नीट सांगता आलेलं नाही.

* * *

निरोपाच्या दिवशी कौसाबाईंनी ओटी भरली. नवी सिस्टर त्याच दिवशी रुजू झाली होती. अमरावतीची पोर, कोपऱ्यातल्या खुर्चीत अवघडून बसलेली. गणपतराव काठी टेकत तिच्यासमोर गेले. मला कळलं, आता काय होणार.

"पोरी, तुमचं घर कुठं बुडालं?"

ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "आजोबा, माझं... माझं नाही बुडालं कुठं."

गणपतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने काठी माझ्याकडे केली.

"असू दे. या सिस्टरचं बी पयले बुडेल नव्हतं."