चांगुणामावशीची हाळी

आमच्या चांगुणामावशीचा आवाज म्हणजे काय चीज होती, हे परक्या माणसाला सांगून खरं वाटणार न्हाई. आमचं गाव भोकरदनच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगराकडं. ज्वारी दाण्यात आली की मावशी वावरातल्या माळ्यावर चढायची, गोफण फिरवायची आन हाळी मारायची, "हाऽऽऽ हुर्रर्र हाऽऽऽ!" आजूबाजूची वावरं तिच्या जिवावर निवांत असायची. शेजारी म्हणायचे, चांगुणाबाई माळ्यावर हाये ना, मंग आपल्याला राखणीचा ताप न्हाई. फुकटचा राखणदार कुणाला नको?

मी हारुन. भोकरदनला स्टँडच्या मागं माझं मोटारी भरायचं दुकान हाये. विहिरीतली मोटार जळाली की नवी तार भरून घ्यायला लोक मला हुडकत येतेत. शुक्रवारी दुकान बंद. त्या दिवशी मी सकाळची नमाज पढून, दुर्बीण गळ्यात अडकवून डोंगरात पाखरं बघायला जातो आन जुम्याच्या नमाजाला परत येतो. ह्या छंदावरून गावानं मला लय टोमणे हाणले, पण मावशीइतके कुणीच न्हाई. "आरं मुडद्या, आम्ही जलम काढला पाखरं हाकलण्यात, आन तू पेट्रोल जाळून त्यायला बघायला चालला? माझ्या वावरात येऊन बस, पाहिजे तेवढी दावते!" बोलायची ती तिच्या अंगणात आन ऐकायची सगळी गल्ली.

अशा बाईला होळीच्या सुमाराला लकवा मारला. संभाजीनगरला नेलं, औषधपाणी झालं, हात-पाय बऱ्यापैकी सुटले. एक पाय जरा ओढते, बाकी चालतीफिरती झाली. तोंड मात्र बंद. डॉक्टर म्हणले, गळ्याला काही झालं न्हाई, डोक्यातला शब्द तोंडापर्यंत येत न्हाई. बोलतं ठेवा, न्हाई तर कायमचं बसंल. पहिल्यांदा तिनं लय जोर लावला. पाणी मागायला जायची आन तोंडातून भलतंच काही निघायचं. एकदा भेटायला आलेल्या बाया हसल्या. वाईट मनानं हसल्या न्हाईत, पण हसल्या. त्या दिवसापासून मावशीनं ओठ मिटले ते मिटलेच. मला त्या बायांचा अजून राग येतो.

तिचा मालक, पुंजाराम काका, जलमभर फक्त 'हूं' म्हणत आलेला माणूस. घरातलं सगळं बोलणं मावशीकडं होतं ना! आता तेच दिवसभर तिच्याशी बोलून राह्यले. म्हैस किती प्याली, बाजारात कोण भेटलं, कुणाच्या पोरीचं जमलं. बोलायची सवय न्हाई, त्यामुळं मधीच अडकायचे आन तेच परत सांगायचे. मावशी नुसती मान हलवायची. एकदा दुकानात येऊन बसले आन म्हणले, "हारुन, मी काही विचारलं की मान हलवती. शिवी न्हाई, बोलणं न्हाई. मान हलवणारी ही बाई कोण हाये रे? माझी तर न्हाई." मी हातातलं काम करत राह्यलो.

माझी अम्मी, अकबरबी, मावशीची जुनी मैत्रीण. ऑक्टोबरात एका गुरुवारी तिनं फर्मान काढलं, उद्या चांगुणाला डोंगरात ने, घरात बसून बसून ती भिंत झाली. मी साफ न्हाई म्हणलो. एक तर जंगलात मला सोबत नको असते. सोबतचा माणूस शिंकला तरी माझं डोकं फिरतं. त्यात हे दिवस पाखरांच्या जाण्या-येण्याचे. नवरंग नावाचं पाखरू पावसाळ्यात इकडं पिल्लं काढतं आन पाऊस सरला की दक्षिणेकडं निघतं. त्याची शीळ मी कैक वेळा ऐकली होती, पण डोळ्यानं एकदाही दिसलं नव्हतं. अम्मी म्हणाली, "जो बोलतीच नहीं, वो तेरे को क्या तकलीफ देगी?" कप्पाळ! मी गाडीत पेट्रोल भरून आणलं.

पहाटे काकांनी तिला गाडीवर माझ्या मागं बसवलं. पडू नये म्हणून आपलं उपरणं तिच्या आन माझ्या कंबरेला गुंडाळून गाठ मारली. गाठ मारताना पण तिला सांगून राह्यले, "घट्ट झालं का? सैल करू का?" तिनं मान हलवली.

गाडी डोंगराच्या पायथ्याला लावली आन पायवाटेनं हळूहळू चढलो. साग, अंजन, सालई, मधीमधी सीताफळीची झुडपं. पाऊस उघडला होता तरी जमीन ओली होती आन नाल्याला पाणी होतं. तिला एका सपाट दगडावर बसवलं, शेजारी मी बसलो. खाली उताराला जंगल संपतं आन तिथंच कुणाचं तरी ज्वारीचं वावर, कणसं भरलेली.

जंगलात गप्प बसलं की मंग पाखरं आपल्याला विसरतेत. थोड्या वेळात हळद्या आला, मंग दोन माशीमार. नाल्यावर स्वर्गनर्तक दिसला, पांढरा, शेपूट लांबच लांब. मी दुर्बीण मावशीच्या डोळ्याला लावून धरली. बघून झालं की तिनं माझ्या हातावर हलकंच थापटलं. खरं सांगतो, इतका चांगला सोबती मला आजवर मिळाला नव्हता. आन तसं वाटल्याची लगेच लाजबी वाटली, कारण ती कशामुळं चांगली सोबती झाली होती?

ऊन वर आलं. आन मंग नाल्याकाठच्या पाचोळ्यात काहीतरी उड्या मारताना दिसलं. आखूड शेपटी. हिरवी पाठ, पंखावर निळा पट्टा, डोळ्यावरून काळी पट्टी आन शेपटीच्या खाली लालभडक. नवरंग! किती वर्षं, या अल्ला! पान उलटत होतं, किडा उचलत होतं, माझ्याकडं बिलकुल लक्ष न्हाई त्याचं. मी दुर्बीण बराबर जुळवून राह्यलो होतो—

"हाऽऽऽ हुर्रर्र हाऽऽऽ!"

कानाशी बार उडावा तसा आवाज. नवरंग कुठं गेलं, काही पत्ता न्हाई. हळद्या गेला, नर्तक गेला, झाडंच्या झाडं मोकळी झाली. माझं डोकं सणकलं. "सत्यानाश!" म्हणत मी तिच्याकडं वळलो. तोंडात पुढची शिवी तयार होती.

मावशी उभी होती. हात गोफण फिरवायला वर गेलेला. खाली ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला होता, तो परत उठून आभाळात फिरून राह्यला होता. मावशीनं दुसरा हात हळूच आपल्या तोंडावर ठेवला आन माझ्याकडं बघितलं. भ्यायली होती ती. आवाज कुणी काढला, हेच जणू तिला मला विचारायचं होतं.

माझी शिवी तिथंच राह्यली. "मावशी," मी म्हणलो, "तू ओरडली. आगं, तू ओरडली!" तिनं तोंड उघडलं. काहीतरी म्हणायला गेली आन पुन्हा तेच, भलतेच आवाज. तिनं लगेच ओठ मिटले, मान खाली घातली. मला रडू आलं. इथपर्यंत येऊन परत मिटली तर काकांना काय तोंड दाखवू?

मी जल्दी जल्दी काकांना फोन लावला. डोंगरात रेंज कमी, पण लागला. "काका, गप ऐका. फोन कानावरून काढू नका." काका घाबरले, "काय झालं रं? पडली का?" मी फोन मावशीच्या तोंडाजवळ धरला. मावशी गप. काका तिकडून "हालो, हालो" करून राह्यले. मावशीच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं, पण ओठ उघडत नव्हते.

तेवढ्यात भोरड्या पुन्हा खाली वळल्या. मी म्हणलो, "मावशी, बघ, खाल्ली ना ज्वारी सगळी!"

"हाऽऽऽ हुर्रर्र हाऽऽऽ!"

थवा उठला. मंग फोनमधून काकांचा आवाज आला, घोगरा, फुटलेला. "चांगुणा," ते म्हणले, "कोणाच्या वावरात शिरली गं पाखरं?"

मावशीनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. दोन्ही हातांनी कानाला धरला. ओठ वेडेवाकडे झाले, एकदा, दोनदा. मी मनातल्या मनात दुवा मागत होतो.

"लो... लोकाच्या," मावशी म्हणाली.

तिकडं काका हसत होते का रडत होते, मला कळलं न्हाई. "मंग थांबली काहून?" ते ओरडले. "हाक की! लोकाची असली म्हणून काय ज्वारी न्हाई ती?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. ज्याला सोबत्याची शिंक चालत न्हाई, तो मी, भर जंगलात दोन्ही हात तोंडाशी नेऊन म्हणलो, "जोरात, मावशी! आणखी जोरात!"