आईला वाढायचं तुम्ही

मोठ्या आईवर सूड उगवायचा, हे मी अकरावीत असताना ठरवलं. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लहानपणी मी तिच्याच मांडीवर झोपायचे, म्हणून हे लिहिताना जरा अडखळायला होतं. पण ठरवलं होतं हे खरं आहे, आणि ते मला आजही चुकीचं वाटत नाही.

आम्ही मूळचे वडगाव रासाईचे. नदीकाठी ऊस, घरात एकच चूल, दोन्ही भावांची पोरं एका ताटात जेवायची. मग वाटणी झाली. नदीलगतचं रान चुलत्यांकडे राहिलं आणि वडिलांच्या वाट्याला वरचा खडकाळ तुकडा आला. भांड्यांची वाटणी मोठ्या आईनं केली. आम्हाला एक कुकर दिला, त्याची शिट्टी नव्हती. एक तवा, आणि बाजरीचं अर्धं पोतं. आईनं पोत्यात हात घातला तर बाजरीला जाळी लागलेली. तिनं मूठ परत पोत्यात सोडली आणि म्हणाली, "राहू द्या अक्का. देव बघल."

आईनं ते अगदी साधेपणानं म्हटलं होतं, ती रोजच असं बोलते. पण मोठ्या आईला ते लागलं. ती अंगणात येऊन ओरडली, "काय बघल तुझा देव? शाप देती व्हय गं आमाला?" त्या दिवसापासून देव हा शब्द त्या दोघींमध्ये काट्यासारखा राहिला.

आम्ही नदी ओलांडून वरवंडला आलो. वडील एका गुऱ्हाळावर ट्रॅक्टर चालवतात. त्याच गुऱ्हाळाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि आई तिथल्या कामगारांचा स्वयंपाक करते. कामगार उत्तर प्रदेशातले, ते तिला भाभी म्हणतात. पगार थोडा रोख आणि थोडा गुळाच्या रूपात मिळतो. मी दौंडच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकलेलं सगळं घरात लावून बघायची मला घाई असते. एकदा मी पगाराची पाकिटं केली. किराणा, गॅस, बसचा पास. आईनं पाकिटं हातात घेऊन नीट बघितली, कौतुक केलं, आणि संध्याकाळी गॅसच्या पाकिटातले पैसे काढून शेजारणीच्या तापलेल्या पोराला दवाखान्यात नेलं.

"आता गॅस कुठनं आणायचा?" मी विचारलं.

"चूल हाय की."

आईचा स्वयंपाकही तसाच. बाकीच्या बायका डबे उघडून बघतात, डाळ आहे, तांदूळ आहे, मग आदण ठेवतात. आई आधी आदण ठेवते, वडगावला एका चुलीवर असल्यापासून. पाण्याला उकळी फुटायला लागली की डब्यांकडे वळते आणि म्हणते, "बघू, आज काय धाडलंय त्यानं." एकदा डब्यात खरंच काही नव्हतं. गुऱ्हाळ पावसामुळं बंद होतं आणि कामगार गावी गेलेले. पातेल्यात नुसतं पाणी खदखदत होतं. मला इतका राग आला की मी जाळ ओढून बाहेर काढायला निघाले. तेवढ्यात दारात कामगारांचा मुकादम उभा. त्याच दिवशी गावाहून परत आलेला, खांद्यावर पिशवी. "भाभी, गाँव की अरहर है. अम्मा ने दिया."

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. डाळ धुतली आणि आदणात सोडली.

"तो दरवर्षी याच सुमाराला येतो," मी म्हणाले. "पाऊस उघडला की. त्यात देवाचं काय?"

"पाऊस कोण उघडतं मग? तू?"

 मी देवाला मानते की नाही, हे मला नीट सांगता येत नाही. आई मानते, आणि तिच्या मानण्यावर आमच्या घरात रोज दोन वेळा शिजतं, एवढं मी बघत आले आहे.

मी अकरावीत असताना वडगावला चुलत्यांचा बंगला झाला. वास्तुशांतीला आई पहाटेच गेली, पुऱ्या लाटायला. दुपारी बायकांची पंगत बसली. आई माझ्या शेजारी. सकाळपासून तिनं चहाशिवाय काही घेतलेलं नव्हतं. मोठी आई पुऱ्यांची परात घेऊन वाढत आली. माझ्या पत्रावळीत पुऱ्या टाकल्या. आईसमोर थांबली आणि मागच्या वाढपी बायकांना मोठ्यानं म्हणाली, "हिला नका गं वाढू. हिचं आदण देव भरतो. आपल्या पुऱ्या तिला कशाला?"

बायका हसल्या. मागची भाजीवाली हसत हसत पुढं गेली, तिच्या मागची भातवालीही. थट्टा आहे, परत कुणीतरी वाढायला येईल, असं प्रत्येकीला वाटलं असेल. कुणी आलं नाही. आईनं तांब्यातलं पाणी प्यायलं, कोरी पत्रावळ मधोमध दुमडली आणि पंगत उठेपर्यंत तशीच बसून राहिली. मी मात्र पुऱ्या खाल्ल्या, मला भूक लागली होती. तेसुद्धा मी मोठ्या आईच्याच खात्यात धरलं.

घरी येताना मी म्हणाले, "तू काहीच का बोलली नाहीस?"

"देव बघल."

तेव्हापासून मी सूड मनात जेवढा घोळवला तेवढा अभ्याससुद्धा केला नसेल. मी बँकेत साहेब झाले आहे आणि मोठी आई अंगठा द्यायला आली आहे, मी म्हणते, उद्या या. मी तहसील कचेरीत आहे, तिला उन्हात उभी केली आहे. बसमधून कॉलेजला जाताना हे सगळं मी रंगवत बसायचे. कधी कधी तर तिच्या पुरणात मीठ पडावं, एवढंच मागायचे. पण मागायचं कुणाकडे, हे मला कळत नव्हतं. देवाकडे मागितलं तर तो आईच्या बाजूचा, तो असलं काही देईल असं वाटायचं नाही.

यंदाच्या लग्नसराईत थोरल्या चुलतभावाचा साखरपुडा ठरला. आम्हाला आमंत्रण होतं, पण ते वडिलांना फोनवर, घाईघाईत. आई म्हणाली, दुपारून जाऊन येऊ. सकाळी मी कॉलेजला निघाले होते, तेवढ्यात धाकटा चुलतभाऊ पिकअप घेऊन दारात. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"काकी, चला लवकर. आचारी पळाला."

"पळाला म्हंजी?"

"तळेगाव ढमढेऱ्याचा व्हता. दुसरीकडं मोठी ऑर्डर घावली आसंल. फोन बंद हाय. पाहुणी शिरूरवरनं निघालीत आन् आमच्याकडं कांदासुदीक चिरला न्हाई. आई म्हणली, काकीला आन."

आईनं पदर खोचला. "चल."

"थांब," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी भावाला म्हणाले, "मोठ्या आईला फोन लाव."

"आता? अगं यळ काय, तू..."

"लाव. स्पीकरवर."

त्यानं लावला. पलीकडून मोठी आई, "निघाली का रं ती?"

"मोठी आई, मी बोलतेय," मी म्हणाले. बसल्या बसल्या रचलेली सगळी वाक्यं विसरले. "आई येईल. सगळं करेल. पैसे नकोत आम्हाला."

"आगं पैशाचं कोण बोलतंय, घरचंच कार्य..."

"पण आईला वाढायचं तुम्ही."

"आं?"

"सगळ्यांची जेवणं झाली की आई जेवायला बसेल. बायकांच्या समोर. आणि तुम्ही वाढायचं. तुमच्या हातानं. शेवटपर्यंत."

फोनमधून मंडपवाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती. मला वाटलं, आई आता माझ्या हातावर फटका मारेल, गप म्हणेल. ती आपली उलथनं आणि मोठी पळी फडक्यात बांधत होती. 

"बरं बाई, वाढीन," मोठी आई म्हणाली. "आधी या तर."

वडगावला पोचल्यावर आईनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मागच्या अंगणात मोठमोठ्या पातेल्यांत आदणं ठेवली. मग विचारलं, "घरात काय काय हाय?" भावकीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पण नंतर कुणाला हसायला सवड मिळाली नाही. एकीला तिनं वांगी दिली, एकीला कणीक, मला रवा भाजायला बसवलं. पाहुण्यांच्या गाड्या दारात लागल्या तेव्हा मसालेभाताला वाफ आली होती. आमटी, वांग्याची भाजी, पुऱ्या, शिरा. आचाऱ्याकडून ठरलेल्या जिलेबीचं कुणी नाव काढलं नाही.

पाहुणे जेवले. आत टेबलांवर बफे मांडला होता, प्लेटा, चमचे, सगळं. मी वाट बघत होते. शेवटी मंडपात बायकाच उरल्या, तेव्हा मोठी आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आता आईला सांग, प्लेट घे म्हणावं. बफे हाय. आता कोण कुणाला वाढतंय?"

मी कोपऱ्यातली सतरंजी ओढली, मंडपाच्या मधोमध अंथरली आणि ताट-तांब्या मांडला.  बायकांचं बोलणं थांबलं.

"आई, बस."

आई हात धुऊन आली आणि बसली. मांडी घालून, पदर सावरून. जशी काही रोज अशीच बसते.

मोठी आई जागची हलली नाही. हसून म्हणाली, "पोरगी कॉलेजात जाती ना, काय काय शिकून येती." दोघी-तिघी हसल्या. मला वाटलं, परत तेच. परत आई कोरं ताट घेऊन उठणार, आणि या वेळी तिला बसवलं मी आहे.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात होणाऱ्या नवरीची आई खुर्चीवरून म्हणाली, "अहो विहीणबाई, जेवण कुणी केलंय? आमच्यातली माणसं आमटी विचारत्यात."

मोठ्या आईला सतरंजीकडे बोट करावं लागलं. "ही... आमची जाऊ."

"मग त्यांनाच उपाशी बसवलं व्हय? वाढा की!"

मोठी आई आत गेली.  ती परात घेऊन बाहेर आली, सतरंजीपाशी वाकली. नवीन नऊवारीचा काठ जमिनीला लागला. आईच्या ताटात पुरी पडली, मग दुसरी. भाजी. भात. वाटीत आमटी.

आई जेवायला लागली. मला वाटलं, चार घास खाऊन ती उठेल, तिचा स्वभावच तसा. पण तिनं वाटी पुढं केली. "अक्का, आमटी."

मोठी आई वाकली.

"पुरी हाय का अजून? जरा फुगलेली बघून."

मोठी आई आत जाऊन आली.

"लिंबू न्हाई चिरलं?"

मोठ्या आईनं लिंबू चिरून आणलं. आईनं ते भातावर पिळलं, सावकाश. मग शिरा मागितला. मग म्हणाली, गार झालाय, जरा गरम करून आणता का. माझी आई, जी गुऱ्हाळावर कामगारांचं उरलेलं खाऊन उठते, ती ताटात बोट फिरवत मोठ्या आईची वाट बघत होती. नवरीची आई कौतुकानं बघत होती, तिला काय माहीत. भावकीतल्या बायकांना मात्र सगळं माहीत होतं आणि एकही हसत नव्हती. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये आई पोटावर हात ठेवून बसली होती.

"लई झालं," ती म्हणाली. "पोट फुगलंय."

"मग मागत कशाला होतीस?"

 ती बाहेर उसाकडे बघत म्हणाली, "वास्तुशांतीला मी देवाला सांगितलं व्हतं. ह्याच घरात, ह्याच बाईच्या हातनं, पोटभर."

 इतकी वर्षं मला वाटत होतं, तिनं सोडून दिलं आहे. "तू तर म्हणालीस, देव बघेल."

"मग? बघितलं की त्यानं."

"त्यानं नाही, मी बघितलं! फोन मी केला. सतरंजी मी टाकली."

"व्हय, तू टाकलीस," आई म्हणाली, मुकादमाच्या डाळीबद्दल म्हणाली असती तशी. मला फार राग आला. एवढी वर्षं जपलेला माझा सूड तिनं देवाच्या नावावर टाकला होता, तेल-मिठाबरोबर, माझ्या फीबरोबर. मी वाद घालणार होते, पण भाऊ समोर गाडी चालवत होता आणि कान देऊन ऐकत होता.

"लग्न कवा हाय रं?" आईनं त्याला विचारलं.

"पुढच्या महिन्यात, काकी. हॉलमध्ये हाय."

"तिथं पंगत का बफे?"

"दोन्ही ठिवलंय. म्हाताऱ्या माणसांना पंगत."

आईनं मान हलवली. मग माझ्याकडे कलून, भावाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "त्या दिवशी सकाळपासनं काय खायचं न्हाई."